माझं जन्मसाल

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या मुलाने दुसरीतल्या एका पोराला गुडघ्यांवर बसवलं, हात डोक्यामागे धरायला लावले आणि क्रिकेटचा स्टंप त्याच्या कपाळावर हाणला. पाच टाके पडले. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. गेममध्ये असंच करतात, एवढंच तो म्हणाला. कोणी शिकवलं असं विचारल्यावर त्याने चौथ्या मजल्यावरच्या मुलाचं नाव घेतलं.

मला ते लगेच पटलं. त्या मुलाची आई बाजारात मासळी विकायची. खाडीकाठच्या गावातून ते आमच्या इमारतीत राहायला आले होते. आई दिवसभर बाहेर, पोरांकडे बघणार कोण, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. शब्द सभ्य वापरले, पण बोच तीच. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

ती सावकाश उठली. "आमच्या घरान एकच फोन हाय," ती म्हणाली. "तो मी बाजारान नेते. माजा पोर मंग खेलतो कशावर?"

सेक्रेटरींनी पार्किंगचा विषय काढला.

घरी येऊन मी मुलाला समोर बसवलं. मार चुकवायला त्याने ते नाव घेतलं होतं. गेम त्याच्याच टॅबवर होता, वर्षभर. मोठ्यांचा गेम तुला उघडता कसा आला, असं मी विचारलं.

"तूच साल टाकलंस ना," तो म्हणाला. "तुझा कॉल चालू होता."

मग आठवलं. घरून काम होतं, तो सारखा मध्ये येत होता. स्क्रीनवर जन्मसाल विचारलं होतं; तो गप्प बसावा म्हणून मी माझं टाकून टॅब परत दिला होता. पुढे काय उघडलं ते पाहिलंही नव्हतं.

नवरा म्हणाला, आता हे बाहेर बोलू नकोस. मी बोलले नाही.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाला खाली कोणी खेळायला घेईना. आयांनी तसं बजावलंच होतं. एकदा त्याची आई लिफ्टमध्ये भेटली. माफीचे शब्द मी मनात जुळवले होते. माझ्या साडीला लागू नये म्हणून तिने आपली टोपली पायाशी ओढून घेतली, आणि मी मजल्यांचे आकडे बघत उभी राहिले.

गेम मी काढून टाकला होता. तीन दिवस मुलगा धड जेवला नाही, माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मला महिनाअखेरचा रिपोर्ट द्यायचा होता. मी गेम पुन्हा टाकून टॅब त्याच्या हातात दिला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.