ताराबाई विमानाने बारशाला जाते

माझी भाची ताराबाई धसईची. रेल्वेने लांबच्या प्रवासाला गेली, की तिच्या गोतावळ्यात भर पडलीच म्हणून समजा. कल्याणला गाडीत बसली की इगतपुरीच्या आत तिची शिदोरी सुटे आणि आसपासची बाकडी जेवून घेत.

२००६ साली तिचा धाकटा भाऊ शेखर याला दिल्लीत मुलगा झाला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने, आणि आत्या ही एकुलती एक. शेखरने स्वस्तातल्या विमानाची तिकिटे काढली, सोबतीला माझेही. म्हणाला, "मामा, दोन तासांत दिल्ली! रेल्वेत दिवस कशाला घालवता?"

त्या दोन तासांसाठी आम्ही पहाटे धसई सोडली. मुरबाड, कल्याण करत विमानतळ गाठेपर्यंत उन्हे चढली. आदल्या संध्याकाळी गाडीत बसलो असतो, तर एव्हाना भोपाळ मागे पडले असते.

काउंटरवरच्या मुलीने सामान तोलले. "मावशी, वजन जास्त भरतंय. पैसे भरा, नाहीतर काहीतरी काढा."

"पैसे कशाचं गो? तांदूल आमच्या शेतातला हाय. भावजयीची ओटी भरायचीय."

"शेतातला असला तरी वजन आहेच ना!"

जादा सामानाचा दर ऐकून मी तांदूळ सोडायच्या मताचा झालो. ताराबाईने मात्र तिथेच बैठक मारून गाठोडे सोडले. भाकरी, सुकटीची चटणी, लाडू. तीन वेळचे जेवण. दिल्ली म्हटले की रेल्वेच्या सवयीने तिचे हात तेवढ्याच भाकरी थापत.

"घे रे दादा, लाजतो कशाला? विमानवालं जेवाय घालनार नाय तुला!"

रांगेतले एक टायवाले गृहस्थ आधी मान वळवून उभे होते. मग "थोडीच द्या" म्हणत त्यांनी दोन भाकरी संपवल्या. काउंटरवरच्या मुलीने लाडू घेतला. वजन बसले, तांदूळ विमानात गेला.

त्यानंतर विमानच दुपारभर हलेना. आता आम्ही उपाशी. विकत घेतलेले सँडविच ताराबाईने उजेडात धरून पाहिले. "यांना वजन चालत नाय, म्हनून असला पापुद्रा इकतात." पण तिचा जीव बारशात अडकलेला. फोनवर ओरडली, "मी येईस्तोवर पालना हलवू नको रे!"

पोचलो तेव्हा निम्म्या बायका घरी गेल्या होत्या. ताराबाईने आधी भावजयीची ओटी भरली, मग वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. उरलेल्यांनी रितीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

"हलू मारा गो! त्या दोन तासांच्या खुर्चीनं आधीच पाठ धरलीय."