तासगावचा बादशहा मास्तर

बादशहा शिकलगारच्या घराण्याचा पाण्याशी संबंध एवढाच, की धार लावताना दगडावर शिंपडायला डबाभर पाणी लागायचं. तासगावात त्याच्या वडिलांचं धार लावायचं दुकान होतं. द्राक्षबागांची छाटणी आली की कात्र्यांचा ढीग पडायचा आणि चाकासमोर बसलेल्या अब्बांच्या भुवयांवर लोखंडाची भुकटी चढायची. घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. नदी पाहिली होती, तीही एसटीच्या खिडकीतून.

बादशहाला मिलिटरीत जायचं होतं. शाळेतला मित्र दादासो आणि तो, दोघं मिळून पहाटे धावायचे आणि भरतीला उभे राहिलेही एकाच दिवशी. दादासोची छाती भरली, उंची भरली, तो गेला. बादशहा धावण्यात दादासोच्या पुढं होता. पण डॉक्टरानं त्याचा ओला पाय फरशीवर ठेवायला लावला आणि उमटलेला ठसा बघून मान हलवली. तळवे सपाट. येताना एसटीत दादासो त्याच्या शेजारी बसला. निवड झाल्याच्या पेढ्यांचं पुडकं त्यानं पिशवीत खाली दडवून ठेवलं होतं. ते बादशहाला दिसलं होतं.

पुढं वर्षभर बादशहा एका ट्रकवर क्लीनर होता. बेदाण्याच्या पेट्या घेऊन ट्रक कोकणात निघाला होता आणि वाटेत खाडी आली. ट्रक फेरीबोटीवर चढवला. बोट मधोमध आली तशी बादशहा कठड्याला धरून जो उभा राहिला, तो पलीकडचा धक्का लागला तरी हलेना. ड्रायव्हर हाका मारून दमला. शेवटी बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, जवळ आला. काळा, काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"काय रे, उतरायचं नाय?"

"मला हितं काम मिळंल का?" बादशहानं विचारलं. हे आपण विचारणार आहोत हे त्याला स्वतःलाही तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत माहीत नव्हतं.

"पोहायला येतं?"

"विहिरीत येतं."

"मग काय अडचण?"

बादशहाला वाटलं, आधीच सांगून टाकावं. "माझं तळवं सपाट हायेत."

म्हातारा हसायला लागला. "अरे, मग फळीवर चांगले चिकटतील!"

त्या म्हाताऱ्याचं नाव धाकटू तांडेल. बादशहाच्या आयुष्यातला मोठा माणूस तोच. पुढच्या महिन्यात बादशहा खलाशी म्हणून बोटीवर लागला. गाड्यांच्या चाकांना ठोकळे लावायचे, दोर फेकायचा, उतरत्या ओहोटीत धक्क्याला बोट कशी लावतात ते बघायचं. धाकटूला अक्षर येत नव्हतं. पण परीक्षा दिल्याशिवाय सुकाणू हातात मिळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुपारच्या सुट्टीत तो बादशहाला पुस्तक उघडायला लावायचा आणि स्वतः समोर बसून ऐकायचा. कुठं पुस्तक चुकतंय असं वाटलं, की म्हणायचा, "लिहिणाऱ्याने ही खाडी बघितलेली नाय. तू परीक्षेत त्याचं लिही, बोटीवर माझं कर."

पहिल्या खेपेला बादशहा नापास झाला. दुसऱ्या खेपेला सारंग झाला, सुकाणू हातात आलं. आणखी काही वर्षांनी मास्तरची परीक्षा पास होऊन सबंध बोटीचा अधिकारी झाला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. तो शर्ट घालून तासगावला गेला तेव्हा अब्बांनी चाक थांबवलं, हात पुसले आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना त्याला दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं.

दिवसाला वीस-बावीस फेऱ्या. ऊस, आंबा, वऱ्हाडाच्या गाड्या, शाळेची पोरं, एकदा तर हत्तीसुद्धा. बादशहाच्या हाताखाली सगळे पलीकडे सुखरूप जात. सोमवारची सुट्टी मिळे, तेव्हा मात्र तो आपली छोटी होडी काढी. ती धाकटूचीच जुनी शिडाची होडी. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यावर त्यानं ती बादशहाला देऊन टाकली होती. बादशहानं सबंध पावसाळा खपून तिच्या फळ्या बदलल्या, नवं शीड शिवून घेतलं आणि लेकीच्या नावावरून तिचं नाव 'समीना' ठेवलं. किनाऱ्याकिनाऱ्यानं तो दुपारपर्यंत हिंडायचा.

बायको रशीदा रहिमतपूरची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिनं ना फेरीबोटीवर पाय ठेवला, ना होडीत. माहेरी जाताना खाडीला वळसा घालून, अडीच तास जास्त देऊन, रस्त्यानं जायची. "सहा दिवस पाणी, अन् सातव्या दिवशी सुट्टी काढून परत पाणीच!" ती म्हणायची.

"फेरीबोटीवर घड्याळ बघावं लागतं," बादशहा म्हणायचा. "होडीत नुसता वारा बघायचा."

ते तिला पटत नसे, पण सोमवारी सकाळी भाकरी बांधून देई.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात तो बकरी ईदेसाठी रजा काढून तासगावला आला होता. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी दादासोचा फोन आला. दादासो हवालदार होऊन सैन्यातून परतला होता आणि कृष्णाकाठी बोरबन गावात ऊस लावत होता.

"गड्या, पाणी गावात शिरलंय. होडी हाय, पन चालवणारा आजारी पडलाय. तू येतोस का?"

अब्बा चाकावर बसले होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "जा."

बोरबनच्या शाळेच्या पायऱ्यांना पाणी लागलं होतं. बादशहानं आधी होडी बघितली. इंजिन ठीक होतं. बुडाखाली हात फिरवून त्यानं फळ्या चाचपल्या, दोर मागवला, त्याच्या टोकाला नांगराचा जुना लोखंडी फाळ बांधला. रिकामे तेलाचे डबे गोळा करून दोन्ही बाजूंनी आवळले. तोवर पायऱ्यांवर पन्नास-साठ माणसं जमली होती आणि सगळ्यांना एकदमच जायचं होतं.

"आम्ही दोघं धरून अकरा," बादशहा म्हणाला. "बारावा न्हाई."

"आरं, वीस बसत्यात हिच्यात! जत्रंला बसतो की आमी!" एकजण ओरडला.

"जत्रंला पाणी उभं असतंय. ह्ये पळतंय."

शिव्या पडल्या. एकानं चिखल फेकला. बादशहाला धाकटूचा आवाज कानात ऐकू येत होता: किती माणसं बसतात ते बोटीला विचार, माणसांना विचारू नको. दादासो पाय रोवून होडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि बादशहा हात करील तोच आत येऊ लागला. आधी लेकुरवाळ्या, मग आजारी, मग बाकीचे.

सगळ्यात जास्त शिव्या मनुबाईनं घातल्या. सत्तरीची बाई, कडेला शेळी. "शेरडी येणार आसंल तर मी येती, न्हाईतर तुमी जावा!"

"आवं आजी, माणसं आधी जाऊ द्या. शेळीला मागनं नेतो."

"मागनं कोन येतंय? समदे आसंच म्हंत्यात." ती शाळेच्या वरच्या खोलीत जाऊन शेळीसकट बसली.

दोन दिवस होडी शाळेपासून उंचावरच्या माळापर्यंत फिरत राहिली. किती फेऱ्या झाल्या ते बादशहानं मोजलं नाही. माणसं मात्र दर फेरीला मोजली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत फक्त मनुबाई, तिच्या सोबतीला थांबलेलं एक जोडपं आणि शेळी उरली. बादशहा परत आला तेव्हा म्हातारी खिडकीतूनच बघत होती. तिला वाटलं होतं, आता कोणी येत नाही.

शेळीसकट सगळ्यांना घेऊन होडी निघाली. निम्म्या वाटेवर इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. वाहून आलेला उसाचा पाला पंख्यात अडकला होता. होडी आडवी झाली आणि ओढीनं खाली निघाली. पुढं विजेच्या तारा पाण्याला टेकलेल्या दिसत होत्या.

"कुनीबी उटायचं न्हाई!" बादशहा म्हणाला. आवाज चढवला नाही. समोर चिंचेचा शेंडा तेवढा पाण्यावर होता. दादासोनं वल्ह्यानं होडीचं तोंड तिकडं वळवलं. बादशहानं फाळ बांधलेला दोर फेकला, तो घसरला. ओढून पुन्हा फेकला. या वेळी फांदीत अडकला. दोर ताणला गेला, होडी गचका खाऊन फिरली, काठावरून दोन-तीन घागरी पाणी आत आलं आणि ती थांबली. बादशहानं मागं वाकून कोपरापर्यंत हात घालून पाला कापून काढला. हाताला दोन ठिकाणी चिरा पडल्या. तेवढा वेळ मनुबाईनं शेळीचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. होडीचा काठ आणि पाणी यात किती अंतर उरलंय ते ती डोळे फाडून बघत होती. ओढीनं कललेल्या बाजूला वीतभरसुद्धा नव्हतं.

इंजिन सुरू झालं. माळावर उतरल्यावर ती बादशहाजवळ आली. पदर फाडून त्याच्या हाताला बांधला आणि विचारलं, "तुला कुनी शिकीवलं रं बाबा?"

"एक तांडेल हाय. धाकटू नावाचा."

"त्याला माझा निरोप सांग. म्हणावं, बोरबनची मनुबाई पाया पडती."

त्याच संध्याकाळी बादशहानं धाकटूला फोन लावला. मनुबाईचा निरोप सांगितला. सपाट पाय घेऊन आलेल्या पोराला ह्या माणसानं पोहायला येतं का एवढंच विचारून दोर दिला होता, आणि आज त्या दोराला सबंध गाव धरून होतं. त्याला हे सगळं बोलायचं होतं. धाकटूनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आधी जेव. हाताला हळद लाव."

डिसेंबरात एका सोमवारी बादशहाच्या खाडीकाठच्या घराच्या दारात दादासो उभा, आणि त्याच्यामागं मनुबाई. सांगलीहून एसटी बदलत बदलत आली होती. बरोबर गुळाची ढेप आणि तीन किलो शाळू. पुरात निम्मं घर पडलं होतं. पण रिकाम्या हातानं येणं तिला जमलं नव्हतं. आधी ती धाकटूच्या घरी गेली आणि खाटेवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या खरोखरच पाया पडली. धाकटू इतका गडबडला, की उलट त्यानंच तिला नमस्कार केला. मग ती बादशहाला म्हणाली, "आता तुजी होडी दाव. पुराचं पाणी बघिटलं, आता चांगलं पाणी दाव."

ती धक्क्यावरून पदर खोचून होडीत उतरली आणि वर उभ्या राहिलेल्या रशीदाकडं बघू लागली. "तू गं? ये की."

"मी न्हाई बसत, आजी. मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतंय. म्हनून तर तुला बोलवती."

रशीदा बघत राहिली. मग चप्पल काढून हातात घेतली आणि बादशहाचा हात न धरता दादासोचा धरून खाली उतरली. बादशहानं शीड सोडलं. वाऱ्यानं ते फुगलं, होडी एका अंगावर कलली, तशा दोघी बायका एकमेकींना घट्ट धरून बसल्या. खाडीचं तोंड मागं पडलं. लाटा लांब आणि सावकाश होत्या. मनुबाई समुद्राकडं हात जोडून पुटपुटत होती. रशीदाचे डोळे आधी मिटलेले होते, मग किलकिले झाले, मग ती मागं वळून किनाऱ्यावरचं आपलं घर शोधू लागली.

"एवढंसं दिसतंय व्हय!"

"वळवू का माघारी?" बादशहानं विचारलं.

"इतक्यात? आलोच हाय तर त्या टोकापातूर जाऊ या."

टोकाला पोचेपर्यंत बादशहानं सुकाणूवरचा हात काढला नाही. बारा वर्षांत एवढं सगळं एकाच होडीत कधी आलं नव्हतं. त्याला कुणाचे आभार मानावेत ते कळेना. अल्लाचे, धाकटूचे, की भरतीच्या त्या डॉक्टरचे.

पुढच्या सोमवारी सकाळी रशीदानं भाकऱ्या बांधल्या त्या दोघांच्या.