गोधडीचा घास

अक्षर वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही नीट जमलं नाही, त्याची माफी असावी. ही वही कुणी वाचणार नाही, तरी सांगून ठेवते. हौसाक्का, माझी थोरली जाऊ, सांगलीला लेकीकडे वारली. त्याला पाच आठवडे झाले. इकडे आमच्या औंधला निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. मी गोधडीला काठ लावत होते. तो पुरा केला आणि मग उठले...

आम्ही दोघी गोधड्या शिवायचो. पुण्याची एक कंपनी वस्तूंच्या चित्रांचं पुस्तक छापून लोकांना पाठवायची, त्यात आमची गोधडी होती. गिऱ्हाईक कंपनीला लिही, कंपनी आम्हाला कळवी, आणि आठ दिवसांत आम्ही पोस्टाने पार्सल धाडायचं. पोस्टाची पावती पोचली की पैसे येत. पार्सल परत आलं तर मात्र ते पैसे आणि जाण्यायेण्याचं टपाल आमच्या अंगावर. नियमांचा छापील कागद होता. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायची. त्यात एक ओळ होती, पार्सलात खाण्याची वस्तू नसावी.

आमच्याकडे गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा घालून टाका बंद करतात. त्याला गोधडीचा घास म्हणतात. अक्काने सुई थांबवून विचारलं, "घास त्यात धरत्यात का गं?" मला माहीत नव्हतं. पत्र टाकून विचारता आलं असतं, पण परक्या माणसांना लिहायची मला लाज वाटायची. मी म्हटलं, "न्हाई धरत, अक्का. त्यो गोधडीचा हाय, माणसाचा न्हवं."

"मग झालं. लय लांब जायची ती, उपाशी कशी धाडू?"

दिवाळीच्या सुमारास सहा पार्सलं गेली आणि सहाही परत आली. कुठल्या तरी गोदामात उंदरांनी नेमका घासाचा कोपरा कुरतडला होता. भोक बघूनच गिऱ्हाइकांनी ती घेतली नाहीत. कंपनीने कळवलं, सगळी रक्कम भरेपर्यंत पुस्तकातून नाव कमी. थोरले दीर म्हणाले, उंदरांची दिवाळी झाली. अक्का हसली नाही. ती ओळ कुणी वाचली होती, हे तिने त्यांना सांगितलं नाही, लेकीलाही नाही.

मग दोन वर्षं ती गावातल्या बाळंतिणींची दुपटी शिवून थोडे थोडे पैसे मनीऑर्डरने पाठवत राहिली. पुस्तकात परत नाव यावं एवढीच तिची इच्छा होती. घास आता कोपऱ्याला नुसता लावायची आणि स्वतःच खायची. मी बघत राहिले तर म्हणाली, "पुस्तकात परत आल्यावर आत घालायचा न्हाई, आत्तापासनं सवय लावून घेती."

आजारी पडून सांगलीला निघाली तेव्हा दोन हप्ते राहिले होते. स्टँडवर ती एवढंच बोलली, "ऱ्हायलेलं माझ्या नावानं भर."

दोन्ही हप्ते मी माझ्या शिवणाच्या पैशातून एकदम भरले. सोबत कंपनीला पत्र लिहिलं, त्या ओळीचा अर्थ मी चुकीचा सांगितला, हौसाबाईंचा दोष नव्हता. परक्या माणसाला लिहिलेलं माझं हे पहिलंच पत्र. काल उत्तर आलं. पत्राबद्दल त्यात काही नाही. वर तिचं नाव आहे आणि खाली एक ओळ, रक्कम पूर्ण मिळाली, बाकी काही नाही.