काशिनाथच्या बापसाचा अँप

नवे व्हॉल्व्ह तापले. मी अँपचा आवाज थोडा वाढवला आणि काशिनाथला म्हटलं, वाजवा आता. त्यानं बेंजोवर एकदा हात फिरवला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"यो आमचा आवाज नाय, ताय," तो म्हणाला. "जुनं घाला परत."

घणसोली गावठाणात त्याच्या घराच्या ओटीवर मी स्क्रूड्रायव्हर धरून बसलेले. मागच्या पडवीत बायकांची हळदीची गडबड. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीची हळद होती. आज्याचा बेंजो आज्याच्याच अँपवर वाजवीन, असा शब्द त्यानं पोरीला दिलेला. आजा, म्हणजे काशिनाथचा बापूस, वारून तेव्हा काही वर्षं झाली होती. तेव्हापासून अँप माळ्यावर होता.

बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. या गावांत त्याच्याशिवाय हळद लागत नाही म्हणा ना. अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, मात्र मुळात गिटारचा, परदेशी. म्हाताऱ्यानं एका गोव्याच्या वादकाकडून घेतलेला. त्यात ट्रान्झिस्टर नाहीत, काचेचे व्हॉल्व्ह आहेत. दिसायला बल्बसारखे, आणि तापल्याशिवाय आवाज देत नाहीत.

आता माझं म्हणाल, तर मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. रबाळ्याच्या कंपनीत सोल्डरिंग करायचे, कंपनी बंद पडली तेव्हा जुईनगरला दुरुस्तीचं दुकान टाकलं. काशिनाथ अँप घेऊन आला तेव्हा अँपचा आवाज पार बसलेला. नुसती घुरघुर, मध्येच बंद. मागची फळी काढून चालू केला, तर एका मोठ्या व्हॉल्व्हच्या आतली पत्र्याची पट्टी लालबुंद. असा व्हॉल्व्ह कधीही शॉर्ट होतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. बरं, मोठे दोन असतात आणि ते जोडीनंच बदलायचे, सारख्या ताकदीचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. व्हॉल्व्ह म्हटलं की दुकानदार हसायचे. एक जण म्हणाला, म्युझियममध्ये बघा बाई. शेवटी एका गल्लीतल्या माळ्यावर रशियन जोडी मिळाली.

बसवायचे मात्र घणसोलीलाच ठरवलं. गावातलं व्होल्टेज वेगळं, आणि अँप जिथं वाजणार तिथलाच करंट धरून बायस लावलेला बरा. बायस म्हणजे काय, तर कोणी वाजवत नसतानाही व्हॉल्व्ह किती जागता ठेवायचा ते. आपण गॅस सिमवर ठेवतो ना, तसं. फार मोठा ठेवला तर जळतो, फार बारीक ठेवला तर आवाज कोरडा येतो. आत एक छोटा स्क्रू असतो, मीटर बघत तो हळूहळू फिरवायचा. त्याआधी कंडेन्सर रिकामे करायचे, कारण प्लग काढला तरी त्यांत करंट दबा धरून बसतो. हे सगळं मी नीट केलं होतं. मीटर बरोबर दाखवत होता. आणि माणूस म्हणतो, आमचा आवाज नाही.

मी समजावलं. जुने घातले तर भर हळदीत अँप जळेल. काशिनाथ म्हणाला, मग कॅसेट लावतो. यात बापूस नसेल तर हा वाजवून तरी काय करू? मी काय, मीटर दाखवणार होते त्याला?

तो नाराजीनंच परत वाजवायला लागला. म्हाताऱ्याची कुठलीशी चाल असावी, आडवळणाची. तेवढ्यात पडवीतून त्याची थोरली बहीण बेबीताय आली. लग्न झालं तशी नवऱ्याबरोबर गुजरातेत कांडल्याला गेलेली, क्वचितच यायची. अँपला काय झालंय, मी कोण, तिला काहीच माहीत नव्हतं. हाताला तांदळाचं पीठ तसंच. दाराशी थांबली ती थांबलीच.

"मना वाटला बापूस बसलाय," ती म्हणाली.

काशिनाथनं हात थांबवला. "बापूस एवऱ्या जोरान कवा वाजवायचा?"

"माझे हलदीला. मी पाटावर बसलेली, तवा असाच वाजवलान. तू रोज आयकलास रे, तुना काय कलनार?"

काशिनाथनं तीच चाल पहिल्यापासून धरली. बेबीताय उंबऱ्यावरच बसली, डोळ्यांना पदर लावून. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

आता यातली गोम सांगते. व्हॉल्व्ह एका दिवसात जात नाही. रोज कणभर उतरतो, आणि रोज ऐकणाऱ्याचा कान त्याच्याबरोबर उतरत जातो. काशिनाथच्या लक्षात राहिलेला आवाज म्हाताऱ्याच्या शेवटच्या वर्षांतला, थकलेला. बेबीताय भरात असलेला आवाज ऐकून गेली होती, आणि दूर राहिल्यामुळे तो तिच्याजवळ तसाच्या तसा राहिला होता.

हळद त्याच अँपवर वाजली. जुने व्हॉल्व्ह काशिनाथनं मागून घेतले. त्यांचा काही उपयोग नाही म्हटलं, तर म्हणाला, ठाऊक हाय.

त्याच आठवड्यात मी एसटीडी बूथवरून महाडकडे गावी फोन लावला. आईला बघून मला बरेच दिवस झाले होते. दुकान, पोरं, राहून जायचं. भाऊ म्हणाला, आईचं आहे तसंच आहे, काही काळजी करू नको. मग आईनं फोन घेतला. "कशी आहेस गं," एवढंच विचारलं तिनं.

आवाज फार खाली गेला होता.

भाऊ खोटं बोलत नव्हता. तो रोज ऐकत होता. मी सकाळच्या एसटीनं निघाले. आई त्यानंतर फार नाही राहिली, पण तेवढी मला मिळाली.

तेव्हापासून जुना अँप दुरुस्त झाला, की बरोबर झालाय का हे मी मालकाला विचारत नाही. घरातलं कोणी बरीच वर्षं बाहेर होतं का, ते विचारते, आणि त्याला बोलावून घ्या म्हणते.