कस्टम मामांचा विलायती साहेब

कस्टम मामा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा देश सांगायचे आणि मग ती कशासाठी असते ते विचारायचे. बॅटरी, सायकलची घंटी, माझ्या बायकोनं आणलेलं बटाटे सोलायचं यंत्र, सगळ्यांना हाच न्याय. स्वतः मामांनी अकोल्यापलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. एकदा नागपूरला निघाले होते, पण अकोल्याच्याच स्टेशनावर चहा पिता पिता गाडी निघून गेली. "नागपूर काई पळून नाई जात," असं म्हणून ते सोनाळ्याला परत आले. नागपूर खरोखरच कुठं गेलं नाही, आणि मामाही पुन्हा गेले नाहीत.

सोनाळ्यात कुणी बाहेरगावाहून काही आणलं की आधी मामांच्या ओट्यावर तपासणी व्हायची, म्हणून गावानं त्यांना 'कस्टम' केलं. त्यांच्याकडे देश दोनच होते, विलायत आणि चायना. जे टिकतं ते विलायत, जे मोडतं ते चायना. या न्यायानं नाल्यावरचा पूल चायना होता, ग्रामपंचायतीचा नळ चायना होता आणि मला दोन वर्षं नोकरी लागेना तेव्हा माझी इंजिनिअरिंगची पदवीही त्यांनी चारचौघांत चायना ठरवली होती. पलीकडच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर म्हणायचे, "ए बी सी डी येत नाही आणि हा माणूस विलायत ओळखतो!" मामा मास्तरांनाही चायनाच म्हणायचे, पण ते उठून गेल्यावर.

खरी हुकूमत मात्र सुरीवर. मामांचा धंदा संत्र्याची कलमं करण्याचा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. चीर खोल गेली तर रोप जातं, उथळ गेली तर डोळा जातो. त्यामुळे नवी सुरी समोर आली की मामा वधूपरीक्षेला बसल्यासारखे सावरून बसायचे. नखानं टिचकी मारून पातं कानाशी वाजवायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, मग डाव्या हातावरचे केस काढून बघायचे. त्या हातावर केस असे उरलेच नव्हते. गावातल्या नव्या सुऱ्यांनी ते कधीच संपवले होते.

"मिटते तो चाकू, नाई मिटत ते सुरी," ते सांगायचे. "जे गरजेच्या टायमाले मिटून बसते त्याच्यावर भरवसा नाई ठेवाव. मंग तो चाकू असो का साळा असो." हे ते मामींचे भाऊ समोर चहा पीत असतानाही सांगत. त्यानंतर मुठीची चौकशी. पात्याचं शेपूट मुठीतून पार शेवटापर्यंत गेलेलं हवं, हा त्यांचा कायदा. "शेपूट अर्ध्यातच थांबलं तं समजाव, घरजवाई हाय. खाते बसून, अन् जोर लावला का निघून येते." मी पुण्याहून नेलेल्या चार सुऱ्या त्यांनी अशाच घरजावई ठरवून मामींच्या भाजीच्या टोपलीत टाकल्या.

या सगळ्या सुऱ्यांना एकच जाब द्यावा लागे, तू साहेबासारखी आहेस का? साहेब म्हणजे मामांची स्वतःची सुरी. माझ्या आजोबांना, म्हणजे मामांच्या वडिलांना, ती जंगलखात्यातल्या कुणा गोऱ्या साहेबानं दिली होती. घासून घासून पातं बोटाएवढं उरलं होतं, तरी मामा जुन्या चपलेच्या चामड्याचं म्यान करून ती कमरेला लावायचे. कुणी हात लावायला मागितली तर म्हणायचे, "आंघोळ करून ये."

एका वर्षी डोळे भरायचे दिवस सुरू झाले आणि मामींचा फोन आला. आवाज दबलेला. "साहेब गेले."

"कोणते साहेब?" मी घाबरून विचारलं.

"आपले. दोन तुकडे झाले."

मग उलगडा झाला. मामांनी, ज्यांनी सुरीनं लिंबू कापणाऱ्यालाही शिव्या घातल्या होत्या त्या मामांनी, साहेबाच्या टोकानं फवारणीच्या मोरचुदाचा डबा उघडायला घेतला होता. पातं मुठीपाशीच मोडलं. रोपं तयार होती, साल सुटून चीर घेता येईल असे दिवस जेमतेम पंधरा-वीस, आणि मामा कंबर धरल्याचं सोंग करून घरात पडून होते. गावात कुणालाही कळता कामा नये, मास्तरांना तर मुळीच नाही.

एक मित्र नुकताच जर्मनीहून आला होता. त्याला मी कधीतरी सांगून एक चांगली सुरी मागवली होती. ती घेऊन मी सोनाळा गाठलं, दार लावून घेतलं आणि ऐटीत म्हणालो, "मामा, जर्मनची आहे."

मामांचा चेहरा पडला. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे मी पुण्यात राहून विसरलो होतो.

"जर्मनची?" मामा म्हणाले. "तुह्या मामीपाशी जर्मनचं भगोनं हाय, जर्मनची परात हाय. आता मी जर्मनच्या सुरीनं डोळे भरू? काऊन बे, मी मेलो का?"

"अहो मामा, जर्मनी देश आहे. लोखंड पक्कं आहे."

"देशाचंच नाव जर्मन हाय, तं मंग तिथं सारं जर्मनचंच असन ना!"

शेवटी मामींनी सुरी त्यांच्या हातात कोंबली. मामांनी ती वाजवली, वास घेतला, शेपूट तपासलं. ते पार शेवटापर्यंत गेलेलं होतं. "माल बरा हाय," ते नाइलाजानं म्हणाले आणि सुरी बाजूला ठेवली. "पण उद्या मास्तर इचारन, साहेब कुठं गेला? मंग काय सांगू? मले सुरी नाई पाह्यजे भाचा. मले साहेब पाह्यजे." त्यांचे डोळे भरून आले होते. मामांना मी त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

तुकडे जोडून आणतो असं सांगून मी निघालो. एसटीत बसल्या बसल्या मुठीत अडकलेला तुकडा हलवून पाहिला, तर तो सुटून हातात आला. शेपूट अगदी नियमाप्रमाणे शेवटापर्यंत गेलेलं होतं. त्याच्यावर छिन्नीनं ठोकलेली अक्षरं होती, 'गनी, धाड'. विलायतेत धाड नावाचं गाव असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मामींचं माहेर मात्र धाडचं.

सोनाळ्याहून धाड म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. तीन गाड्या बदलून पोचलो, तर नेमका बाजाराचा दिवस. गनीचाचा लोहारांची भट्टी लगेच सापडली. हात मुलाचे चालत होते, शिव्या चाचांच्या. मी कुणाचा भाचा ते सांगून तुकडा पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि ते खुदकन हसले.

"लॉरीच्या चाकावरच्या कमानीच्या पट्टीचा हाय हा," ते म्हणाले. "तुह्या मामाचं नवं नवं लगन झालं होतं. असली साहेब हिरीत पडला. बाप जित्ता सोडनार नाई म्हणून जवाईबापू इथं बसून रडत होते. मंग मी बनवला, चिंचेच्या पान्यात बुडवून म्हातारा केला. त्याच्या बापानं हातात घेतला, वाजवला, वास घेतला, अन् म्हने, इलायत ते इलायतच! त्या दिवसापासून जवाईबापूले समजलं, परख कशाले म्हनतात."

म्हणजे कस्टम खात्याची स्थापना ही अशी झाली होती. मी भट्टीसमोर पोट धरून हसलो. चाचाही हसले, मग डोळे पुसत मुलाला म्हणाले, "कमानीचा तुकडा काढ."

चौथ्या दिवशी मी नवा म्हातारा साहेब मामांच्या पुढ्यात ठेवला. धाडचं नाव मी काढलं नाही. मामांनी टिचकी मारली, कानाशी धरला, डोळे मिटून वास घेतला.

"कुठला?" मी विचारलं.

"इलायत," मामा गंभीरपणे म्हणाले. "पक्की इलायत." मग सुरी म्यानात सरकवत हळूच पुटपुटले, "गनीले सांगजो, मूठ यंदा जराशी जाड झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर बरी झाली. त्या वर्षी भरलेले बहुतेक सगळे डोळे फुटले. पुढची दोन वर्षं त्यांनी त्याच सुरीनं काम केलं आणि येईल त्या सुरीला ते चायना म्हणत राहिले. जर्मनची सुरी मामी कांद्याला वापरत होत्या. मामा त्यांना बजावायचे, "सांभाळून, वितळन."

मामा गेले तेव्हा तेराव्याला ओट्यावर बरीच माणसं जमली होती. मामींनी साहेब बाहेर आणून फोटोपाशी ठेवला. मास्तरांनी चष्मा लावून तो उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "माणूस चांगला होता, पण मला नेहमी शंका यायची. हा विलायती कशावरून?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेले एक म्हातारे काठी टेकत उठले. नातवाला घेऊन, तीन गाड्या बदलून, ते सकाळीच धाडहून आले होते. गावात त्यांना ओळखणारे मामी आणि मी, दोघंच. त्यांनी मास्तरांच्या हातून साहेब घेतला. नखानं वाजवला, कानाशी धरला, वास घेतला. मग मुठीवरून एकदा अंगठा फिरवला.

"गुरुजी, मी जलमभर लोहारकी केली," गनीचाचा म्हणाले. "असं काम आपल्या इकडच्या कोन्या लोहाराच्या बापाले जमनार नाई. इलायत हाय."