रबराचा भाव

शेकायच्या पिशव्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात खरेदीचं सगळं एका बाईंच्या हातात होतं. घासाघीस करताना त्या तसूभरही हलायच्या नाहीत, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'चिवटताई'. आई गेल्यापासून घरात त्या एकट्याच.

रोज सकाळी कच्च्या रबराच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा. आधी तो भाव सांगायचा, मग स्वतःची गुडघेदुखी, पाणी न येणं, वरच्या मजल्यावरचा कुत्रा. कामापलीकडचं काही बोलणारा त्यांना येणारा तेवढाच एक फोन.

त्या वर्षी रबराचे भाव आभाळाला भिडले. मालकांनी त्यांना बोलावलं.

"पिशवीची किंमत वाढवली तर दुकानदार माल परत पाठवतील. रबर कमी करा, खडूची पूड वाढवा. सगळे तेच करतात."

त्यांनी तशा पिशव्या करवून घेतल्या आणि एक घरी आणली. संध्याकाळी कढत पाणी भरून कंबरेशी घेतली. ऊब छान लागली. पाणी ओतून पिशवी दुमडली, तर गळ्यापाशी पांढऱ्या रेघा उमटल्या. चार दिवस त्यांनी ती अशीच वापरली. पाचव्या दिवशी पिशवीचा जोड उकलला आणि मांडी पोळली.

मांडीला मलम लावायला घरात दुसरं कुणी नव्हतं. स्वतःच लावलं आणि सकाळी मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"आजारी माणूस ही पोटावर घेऊन झोपतो, साहेब. पूड नको."

"मग वाट तुम्हीच काढा. तोट्यात किती दिवस चालवू?"

मालकांचंही खोटं नव्हतं. ताईंनी पिशवीचा खोका पातळ केला, चार रंगांऐवजी एकच रंग ठेवला, रबराच्या कातरणातून पिशव्या धरायच्या मुठी करायला लावल्या. तरी तोंडमिळवणी होईना. एकच गोष्ट उरली होती: मधला माणूस काढून रबर थेट मळ्यातून आणायचं.

मधला माणूस म्हणजे तो व्यापारी.

त्याला त्यांनी स्वतःच सांगितलं.

"बरोबर आहे तुमचं. मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. मग जरा अडखळत, "म्हणजे उद्यापासून फोन नको करू?"

'करा की,' हे शब्द ओठांवर आले होते. पण तोंडातून निघालं, "कशाला उगाच त्रास घेता?"

पिशव्या चांगल्या निघाल्या, किंमतही तीच राहिली. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताई हसल्या आणि टेबलाशी येऊन बसल्या. सकाळी खोली इतकी शांत असायची की पंख्याची कुरकुर ऐकू यायची. ती आधीही होतीच, पण त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दुपारी, त्यांनी घरून व्यापाऱ्याला फोन लावला.

"बोला बाई, किती माल पाहिजे?" तो सवयीने म्हणाला.

"काही नको. सहज केला."

सहज बोलायचं कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मी दुकान आवरतोय," शेवटी तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात मुलीकडे जाणार, कायमचा."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "तिकडे गुडघ्यांना आराम पडेल."

मग तो मुलीच्या नव्या घराबद्दल सांगत राहिला. जिना नाही, खिडकीत ऊन येतं, नातीची खोली शेजारीच. ताई उभ्यानेच ऐकत राहिल्या. मधूनमधून "हो का?" म्हणत राहिल्या, त्याने थांबू नये म्हणून.