लाल स्वेटर आणि कोरी बशी

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला वीस वर्षं मी एकटाच होतो. नळदुर्गच्या अलीकडचं हे लहान गाव. धरणातल्या माशांबद्दल काही विचारायचं तर लोक माझ्याकडं येत. दोन वर्षांपूर्वी याच विषयाला नव्या मॅडम रुजू झाल्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. त्यांनी त्याच धरणातल्या चिलापी माशांच्या पोटात प्लॅस्टिकचे कण शोधायला घेतले, आणि मला कुणी काही विचारेनासं झालं.

ज्या मच्छीमार मामांनी इतकी वर्षं मला मासे दिले, ते आता लांबूनच हाक मारायचे, "बाई, ह्यो बगा! पोट टम्म, अन् अंगावर मांस न्हाय."

"पोटात असलं काही भरलं की भूक मरते, मामा," मॅडम सांगायच्या.

मी शेजारीच असायचो. मामा म्हणायचे, "सर, तुमी कालवणापुरतं घेऊन जावा की."

मी हसायचो आणि आतून जळायचो. पीएचडीसाठी हेच मासे मी कधीकाळी घेतले होते. तिसऱ्या वर्षी कंटाळून ते काम सोडून दिलं. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता.

मॅडमची पद्धत चिकाटीची. माशाचं आतडं कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचं, काही दिवसांत मांस विरघळून जातं. मग गाळून घेतलेलं दाट मिठाचं पाणी घालायचं. वाळू खाली बसते, प्लॅस्टिक वर तरंगतं. ते गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शंका आली तर तापलेली सुई टेकवायची, प्लॅस्टिकचा धागा लगेच आक्रसतो. आणि एक नियम त्यांनी दारावरच लावला होता: अंगात सुती कोट हवा, आणि नमुन्याचं झाकण काढलं की शेजारी एक कोरी बशीही तेवढाच वेळ उघडी ठेवायची. हवेतून, कपड्यांतून जे पडतं ते तिच्यातही पडतं, म्हणजे माशातलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं ते कळतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी प्रयोगशाळा उघडली. मॅडम गावी गेल्या होत्या. त्यांना खरंच काही सापडतंय का, हे मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर काही सापडलेलं नसावं, अशी माझी इच्छा होती. थंडी होती म्हणून लाल स्वेटर अंगात तसाच ठेवला. माशांच्या नमुन्यांच्या सहा बश्यांची झाकणं काढून एकेक वाकून पाहिली. कोरी बशी मात्र झाकलेलीच राहिली.

बुधवारी मॅडम धावत स्टाफरूममध्ये आल्या. "सर, निळ्यांबरोबर आता लाल तंतूही! सहा माशांत! सुई लावली, लगेच वळले. कोऱ्या बशीत एकही नाही!"

माझा स्वेटर लोकरीचा आहे, असं मी मनाशी घोकत घरी गेलो. देवापुढच्या उदबत्तीला त्याचा एक धागा लावला. तो क्षणात आक्रसून प्लॅस्टिकसारखा कडक काळा मणी झाला.

तरी मी आठ दिवस गप्प राहिलो. सोलापूरच्या चर्चासत्रात मॅडम हे मांडणार होत्या. तिथं कुणीतरी जाणकार त्यांना अडवेल, असं वाटायचं, आणि त्या विचारानं मला गोड झोप लागायची. हे लिहितानाही लाज वाटते.

जायच्या आदल्या दिवशी मामांनी त्यांना ताज्या चिलापीची पिशवी आणून दिली. "आमच्या धरणाचं खरं सांगा बाई तितं. मासं खराब म्हून लोकं आमालाच बोल लावत्यात."

मामांच्या तोंडचं ते 'खरं' मला सोसवेना. दुपारी मी स्वेटर घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि त्याचा धागा त्यांच्या तंतूशेजारी ठेवला. मॅडम बराच वेळ भिंगावरून डोळा काढेनात.

"झाकणं कधी काढली होती?"

"तुम्ही गावी गेला होतात, त्या रविवारी."

"आणि कोरी बशी?"

"झाकलेली होती."

त्यांनी वहीतल्या सहा ओळींवर काट मारली. "लाल गेले," म्हणाल्या. "निळे राहिले. पण त्याच बश्यांतले आहेत, तेही पुन्हा तपासल्याशिवाय मांडणार नाही." मग माझ्याकडं न बघताच, "राग आलाय सर मला. सोमवारी सुती शर्टात या."

सोमवारी गारठ्यात मी सुती शर्टावर कुडकुडत उभा होतो. मामा आले आणि पिशवी सरळ मॅडमच्या हातात दिली. तेव्हाही मला टोचलंच. मॅडमनी पहिल्या नमुन्याच्या झाकणाला हात घातला, आणि ते उघडण्याआधीच मी कोऱ्या बशीचं झाकण काढलं.